सबनीस काकांचं बार्बाडोस

सबनीस काका तुम्हाला बर्मिंगहॅममध्ये लिफ्ट देतात आणि नेतात बार्बाडोसला. मी पहिल्यांदा त्यांच्या गाडीत बसलो तेव्हा मला फक्त स्टेशनवर जायचं होतं. काकांनी टायरच्या दुकानाकडे बोट दाखवलं. "हे ब्रिजटाउन. आता पश्चिम किनाऱ्याने वर जायचं. डावीकडे बघत राहा, समुद्र सुटणार नाही."

डावीकडे कौन्सिलचे फ्लॅट होते. मी आपला बघत राहिलो.

काका आमचे शेजारी. मूळचे साताऱ्याचे, कारखान्यातून इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले, एकटे. बार्बाडोसला त्यांनी जन्मात पाऊल ठेवलेलं नाही. पण कुणी नुसतं 'हॉलिडे' म्हणायचा अवकाश! "कार हायर करा. तिथेही लेफ्टनेच चालवतात, काही प्रॉब्लेम नाही. टूरच्या बसने जाल तर फुकट गेलात." मग स्पाइट्सटाउनला मासे खायचे (स्वतः काका अंडंसुद्धा खात नाहीत), चेरी ट्री हिलवर थांबून खालचा सगळा पूर्व किनारा बघायचा आणि बाथशेबाला समुद्रातल्या प्रचंड खडकांसमोर गाडी लावायची. "पण पोहू नका हं, करंट वाईट आहे." जणू कालच बुडता बुडता वाचलेत.

आम्ही घरी त्यांची भरपूर टवाळी करायचो. आपल्याला काय, दुसऱ्याचं वेड म्हणजे करमणूकच.

काकांच्या पलीकडच्या घरात क्लाइव्ह राहायचा. बार्बाडोसचा, जन्मभर बर्मिंगहॅमच्या बस चालवलेला. किडन्या गेल्या, डायलिसिस मागे लागलं आणि गावी जायचं राहून गेलं. काका त्याला हॉस्पिटलला नेत-आणत. तो परवा गेला. फ्युनरलहून येताना मी काकांच्याच गाडीत होतो. टायरचं दुकान आलं नि गेलं, काका गप्प.

"काका, आज ब्रिजटाउन नाही?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

काकांनी गाडी कडेला घेतली.

"रस्ता त्याचा होता हो. तो डोळे मिटून सांगायचा, मी चालवायचो. पुढे त्याला बोलताना धाप लागायला लागली, मग मीच सांगायचो. त्याचं गाव बाथशेबाच्या पुढे. तिथवर मी त्याला कधी पोचू दिलं नाही. हॉस्पिटल आलं की म्हणायचो, राहिलेलं नेक्स्ट टाइम. एकदा पोचला की मग कशासाठी थांबेल, अशी भीती वाटायची मला."

त्यांचे हात स्टिअरिंगवरच होते.

"शेवटच्या वेळी म्हणाला, आज समुद्रबिमुद्र नको. स्ट्रेट होम. मग काय करणार? हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये इंजिन बंद केलं आणि सांगितलं, क्लाइव्ह, घर आलं. त्याने डोळे उघडले नाहीत. विचारलं, घरी कोण आहे? मला काय ठाऊक हो? मी म्हटलं, आई आहे. दारात उभी आहे."

काका रडायला लागले. मलाही आवरेना.

"मग त्याने डोक्यावरची टोपी काढली. केसांवरून हात फिरवला, कोटाची बटणं लावली. मला म्हणाला, 'हाऊ डू आय लुक?'"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, छान दिसतोयस. जा."