कारखानीस मृणालबाईंनी चकतीची दृष्ट काढिली त्याचे वर्तमान

॥ श्री ॥ दिसत नाही त्या धुळीस आणि दिसत नाही त्या देवास, दोघांसही दंडवत घालून लिहितो ऐसे जे. शके १९४७, विश्वावसु नाम संवत्सरी एका माळावर नवे संस्थान वसले. तेथे आरशासारख्या चकत्यांवर केसाहून बारीक नक्षी उमटवून संगणकाच्या चिपा घडवीत. नक्षीच्या महाली उजेड हळदीच्या रंगाचा, तेथे सकाळ नाही आणि तिन्हीसांज नाही, आणि मंडळी पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या झग्यात, डोळे तेवढे उघडे, आणि जो तो झोपेत चालल्यासारखा हळू चाले. या महालाच्या कारखानीस मृणालबाई. हुजुरांनी बजाविले की पहिला घाणा निर्मळ निघावा, न निघाल्यास परदेशचा कारखानीस येईल. बाईंनी जिवाचे रान केले. परंतु रोज चकतीवर धूळ बसे, धूळ हेरणाऱ्या यंत्राची घंटा वाजे आणि घाणा वाया जाई.

मग चकत्या यंत्रावर ठेवणारे अंकुश लोंढे यांजवर संशय आला. बाई विचारत्या झाल्या, "अंकुश, खरं सांग, तोंडात काही ठेवतोस का?"

"आईशप्पथ मॅडम, सुपारीसुद्धा सोडली. आत तर खोकलासुद्धा गिळतो."

बाईंस खरे वाटले नाही. त्यांस कामावरून दूर करावे ऐसा निश्चय केला, आणि मग सर्वांस बाहेर घालवून चकती स्वहस्ते ठेविली. चकतीवर मोरपंखी रंग हलू लागले आणि बाई भान विसरल्या आणि पोटात माया दाटली. "गुणाची गं माझी बाय," म्हणून चकतीवरून दोन्ही हात ओवाळून कानशिलांवर कडाकडा बोटे मोडिली, रोज मोडीत तैशीच. तोच घंटा वाजली. बाईंनी मागे वळून पाहिले. महालात दुसरे कोणीच नव्हते.

बाई बाहेर आल्या, अंकुशरावांपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चुकले रे मी. दृष्ट काढता काढता माझ्याच बाहीची धूळ झडत होती. तुझ्यावर उगाच आळ घेतला."

अंकुशराव पायांकडे पाहत म्हणाले, "राहू द्या मॅडम. माझी आईपण मोडते बोटं, मी घरातून निघालो की."

मग बाईंनी हुजुरांस आपली चूक स्वमुखे सांगितली. हुजुरांनी आणखी एक दिवस दिधला. दुसरे दिवशी अंकुशरावांनी चकती ठेविली आणि बाई काचेबाहेर हात मागे बांधून उभ्या राहिल्या. घंटा वाजली नाही. तेव्हा बाईंनी काचेबाहेरूनच हात ओवाळिले, चकतीवरून आणि अंकुशरावांवरूनही, आणि बोटे मोडिली. आत आवाज गेला नाही, परंतु अंकुशरावांचे डोळे हसले.

सारांश, घाणा निर्मळ निघाला, परदेशचा कारखानीस आला नाही, आणि बाई अद्याप रोज बोटे मोडतात, काचेच्या अलीकडे.