डांबऱ्यासाठी ठिबक सिंचन

सगळी भानगड एका वाक्यातून झाली, आणि ते वाक्य माझंच होतं. "लता, कुत्र्याचं मी बघतो," असं मी म्हणालो. (लग्नाला बावीस वर्षं झाली. मी "बघतो" म्हटलं की शेवटी मला नुसतं बघत बसावं लागतं, हे एव्हाना कळायला हवं होतं.)

कुत्रा म्हणजे आमचा डांबऱ्या. रंग नावाप्रमाणे, दात सुताराच्या पटाशीसारखे. मागच्या अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझा मेहुणा जीवराम पिंपळनेरहून मुराळी म्हणून आला होता. आमच्याकडे अखजीला माहेरच्या झोक्यावर बसल्याशिवाय बाईचं वर्ष पुरं होत नाही, आणि भाऊ न्यायला आल्याशिवाय बाई उंबरा ओलांडत नाही. जीवरामने नवे बूट ओट्यावर काढले, आत चहा घेतला, बाहेर येऊन पाहतो तर एका बुटाची फक्त नाडी शिल्लक. त्याने तिथेच शपथ घेतली, "अक्का, यानापुढे त्या कुत्रानी मन्हा जोडा खादा, तर मी तुले लेवाले येवाव नही!"

यंदा त्याचं पत्र आलं: येतोय, पण शपथ लक्षात आहे. लताने ते माझ्यापुढे धरलं.

"बांधून ठेवू," मी म्हणालो.

"बांधला की गल्ली डोक्यावर घेतो. माझी अखजी चुकली ना, तर पुढची अखजी येईपर्यंत भरीत मागू नका."

वांग्याच्या भरितावर आच आली म्हटल्यावर माणूस हातपाय हलवतोच. शेजारच्या औषधाच्या दुकानात मगनकडे एक परदेशी मासिक होतं. त्यात एक कुत्रा पोकळ चेंडू लोटतोय, आणि चेंडूतून एकेक खाऊ बाहेर पडतोय. मगनने वाचून सांगितलं, "कुत्रा तासभर त्यातच गुंततो शेठ, जोडे विसरतो." (मी सातवी नापास. इंग्रजीवर माझा विश्वास आंधळा आहे.)

मी खेळण्यांच्या दुकानात गेलो.

"किती वर्षांचा?" दुकानदाराने विचारलं.

"तीन. फार चावरा आहे."

"मुलगा का मुलगी?"

"कुत्रा आहे, कुत्रा!"

"असं लेकराला बोलू नये, शेठ," म्हणत त्याने मला एक खुळखुळा दिला.

खुळखुळा डांबऱ्याने पाच मिनिटांत पचवला. रबरी चेंडू तीन मिनिटांत. मग वनस्पती तुपाच्या डब्याला भोक पाडून त्यात शेव भरली. डबा टिकला, पण फरशीवर असा खणखणला की पलीकडच्या कुंदाबाई जुन्या साड्यांचं गाठोडं घेऊन धावत आल्या. त्यांना वाटलं, बोहारीण आली.

आणि मग एका दुपारी गल्ल्यावर बसल्या बसल्या माझ्या डोक्यात उजेड पडला. अरे, मी कोण? जळगावातला ठिबकचा व्यापारी! रोज शेतकऱ्यांना सांगतो, "बाबा रे, पाटाने पाणी सोडू नको, थेंब थेंब दे, पीक खुलतं." मग हेच कुत्र्याला का नको? तीन इंची पाइपाचा वीतभर तुकडा घेतला. एका टोकाला सोल्युशन लावून टोपण पक्कं केलं, दुसऱ्या टोकाला निघणारं टोपण ठेवलं, मधे ड्रिलने एक भोक. आत फुटाणे. डांबऱ्याने पंजाने पाइप लोटला, एक फुटाणा पडला. पुन्हा लोटला, दुसरा पडला. तो तासभर मान वर करेना! पाइपाला दाताचा ओरखडासुद्धा नाही. लता मला "हुशार आहात हो" म्हणाली. (तारीख लिहून ठेवायला हवी होती.)

एवढ्यावर थांबलो असतो तर व्यापारी कसला? जीवरामला मी त्याच्या शेतासाठी तीन वर्षं ठिबक घे, ठिबक घे म्हणून सांगत होतो, आणि तो म्हणायचा, "दाजी, भोकं बुजी जातस." म्हटलं, आता कुत्र्याकडूनच पटवू. पाहुण्यासमोर साधे फुटाणे शोभत नाहीत, म्हणून तो यायच्या दिवशी पाइपात लताने माहेरी न्यायला केलेले गूळ-शेंगदाण्याचे लाडू फोडून भरले, आणि पाइप सकाळपासून ओट्यावर तयार ठेवला.

वैशाखातलं जळगावचं ऊन. ओट्यावर उभं राहिलं तर माणूस पातळ होतो, गुळाचं काय सांगावं!

जीवराम आला, जोडे काढून आत बसला. मी त्याला खिडकीपाशी नेलं. "बघ, थेंब थेंब!"

डांबऱ्याने पाइप लोटला. काही नाही. दहा वेळा लोटला. भोकाच्या तोंडाशी गुळाचा डिंक बसला होता. डांबऱ्याने एकदा माझ्याकडे पाहिलं (फसलेलं गिऱ्हाईक असंच पाहतं), पाइप सोडला आणि जोड्यांकडे वळला. मी बाहेर धावेपर्यंत एका जोड्याचा अंगठा गेला होता.

लताचे डोळे भरले. "संपली माझी अखजी."

जीवराम मात्र पोट धरून हसत होता. "दाजी, तुमनी ठिबक चोकअप व्हयी गयी! आनि अक्का, रडू नको. मन्हा जोडा पिशवीमा शे. त्यानी दाजीस्ना खादा!"

पाहिलं तर खरंच माझेच. चार दिवसांपूर्वी घेतलेले.

शपथ मोडली नव्हती. लता निघाली. जाताना तिने पाइप गरम पाण्याने धुतला, त्यात फुटाणे भरले आणि माझ्या हातात दिला. "डॉक्टरांनी तुम्हाला शेव-लाडू बंद सांगितलेत. कोठीला कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे. भाकरी कुंदाबाई देतील. मधे भूक लागली तर हे हलवा. एकेक पडेल."

आता रोज संध्याकाळी मी ओट्यावर पायाने पाइप लोटतो. फुटाणा पडतो. मी कमरेतून वाकेपर्यंत डांबऱ्या तो उचलतो. सुरुवातीला तो पाइपामागे धावायचा, हल्ली तेही मीच करतो. मी दमून थांबलो की तो घरंगळलेला पाइप तोंडात धरून आणतो, माझ्या पायापाशी ठेवतो आणि शेपटी हलवत बसतो.

काल मगन ओट्यावर आला. बराच वेळ आमच्याकडे पाहत होता. मग म्हणाला, "शेठ, मासिकात होतं तस्संच झालं बघा. कुत्रा तासभर गुंततो." आणि निघता निघता म्हणाला, "फक्त चित्रात खेळणं एवढं घामाघूम झालेलं नव्हतं."