पाव्हण्यांची आंघोळ

सुदुंबऱ्यात भागुबाईंच्या घरी आंघोळ ही ज्याची त्याची बाब राहिली नव्हती. न्हाणीचं पाणी चरातून थेट परसात जाई आणि कोणाच्या पाण्यावर काय पिकायचं हे ठरलेलं होतं. त्यांचे यजमान जानूभाऊ अंगानं थोराड. त्यांच्या दोन बादल्या दोडक्याला. मुलगी मानसी तळेगावात नोकरीला. तिची घाईची एक बादली अळूला. साबणाला बंदी होती, अंगाला डाळीचं पीठ लावायचं. लॉकडाऊनमध्ये वडगावचा बाजार बंद पडला तेव्हा याच परसानं गल्लीतल्या अकरा घरांना भाजी पुरवली होती. त्यामुळे भागुबाईंपुढे बोलायची कोणाची छाती नव्हती.

मे महिन्यात दोन दिवस नळाला पाणी आलं नाही. घरच्यांच्या आंघोळी कशाबशा उरकल्या, पण कडेची वांगी कोरडीच राहिली. पिंपात तीन बादल्या उरल्या होत्या.

"त्या वांग्यांना घाल की," जानूभाऊ म्हणाले.

"निस्त्या? एका पान्यात दोन कामं व्हाया पायजेत!"

त्याच दुपारी मानसीला बघायला लोहगडवाडीची मंडळी आली. आकाश, त्याचे वडील रखमाजी आणि आई कस्तुराबाई. भर उन्हात दोन गाड्यांवरून आलेली, घामानं निथळत होती. भागुबाईंनी पाव्हण्यांकडे पाहिलं, मग वांग्यांकडे पाहिलं.

"आंघोळी करून घ्या," त्या म्हणाल्या.

"आत्ता?" रखमाजी दचकले.

"आमच्याकडं पद्धतच हाय तशी," जानूभाऊंनी सावरलं. ही पद्धत त्यांनी त्याच क्षणी काढली होती.

रखमाजी भिडस्त माणूस. टॉवेल घेऊन मुकाट्यानं न्हाणीत शिरले. जरा वेळानं परसातून भागुबाईंची आरोळी आली, "पाव्हनं, आजून दोन तांबं घ्या! वांग्यापत्तुर पोचलं न्हाई!"

आत तांब्या पडल्याचा आवाज झाला.

"कुटं पोचलं न्हाई?" रखमाजींनी घाबरून विचारलं.

ओटीवर कस्तुराबाई ताठ झाल्या. "आमी काय बिनआंघोळीचं आलो व्हय?"

मानसी पोह्यांच्या बश्या घेऊन दारातच थांबली. मनासारखं स्थळ आलं होतं, तेही न्हाणीतूनच वाहून जाणार असं दिसत होतं. रखमाजी कानामागे पिठाचा लेप घेऊन बाहेर आले.

"आता तुमी, आकाशराव," भागुबाई म्हणाल्या. आकाश बाह्या सरसावत आत गेला.

हे चाललंय तरी काय, म्हणून कस्तुराबाई तणतणत परसात गेल्या आणि थबकल्याच. गावातली झुडपं करपून गेलेली असताना इथे अळू मांडीइतका वाढला होता. मांडवावर दोडके लोंबत होते. त्यांच्या लेकाच्या आंघोळीचं पाणी संथपणे येऊन वांग्यांच्या बुडाशी जिरत होतं.

"समदं आंघोळीवर?"

"व्हय. कांदं-बटाटं सोडलं तर चार वर्सं भाजी इकत आनली न्हाई."

कस्तुराबाईंची गडाखाली खाणावळ होती. सुट्टीच्या दिवशी भाजी लोणावळ्याहून यायची आणि ताटं धुतलेलं पाणी रस्त्यावर जायचं. त्यांनी वाकून चरात बोट बुडवलं.

"ताटं राखेनं घासली तर चालंल?" त्यांनी हळूच विचारलं.

"पळंल!" भागुबाई म्हणाल्या.

दोघी तिथेच दगडावर तासभर बसल्या. मंडळी दोडक्याची पिशवी घेऊन गेली, पण होकार-नकार काहीच सांगून गेली नाही.

चौथ्या दिवशी फोन आला. जानूभाऊंनी तो दोन्ही हातांनी धरला.

"पोरगी पसंत हाय," कस्तुराबाई म्हणाल्या. "पर ताटांचं पानी नव्या लावलेल्या मिरच्यांकडं जाईना बगा."

मानसीनं फोन ओढून घेतला. "उतार चुकला असेल. मी रविवारी येऊन बघते."

रविवारी "लोक काय म्हनतील" असं जानूभाऊ म्हणेपर्यंत तिची गाडी वळणापार गेलीसुद्धा. संध्याकाळी ती परतली ती कोपरापर्यंत चिखलानं माखून.

"मंग? पोरगा कसा वाटला?" जानूभाऊंनी विचारलं.

"चर सरळ काढतो," मानसी म्हणाली आणि हात धुवायला वळता वळता लाजली. "होकार कळवा."

भागुबाईंनी पदरानं डोळे टिपले. मग त्यांची नजर घरामागच्या ओसाड तुकड्यावर गेली आणि तिथेच रेंगाळली.

"अवो," त्यांनी विचारलं, "वऱ्हाड किती मानसांचं असंल?"