तिसऱ्या बाकाची तातडीची व्यवस्था

दुःख सांगायचं तर माणसाला आधी नीट बसता आलं पाहिजे. ही गोष्ट ज्या कार्यालयाला सर्वांत आधी उमगली, त्याचं कौतुक करावं तेवढं थोडंच.

शिंपीणताईच्या धाकट्या भावाचं लग्न झालं, त्या वर्षीची ही हकीकत. नवरदेवाचा कोट तिनेच शिवला होता. कोट लग्नाला गेला, तिला बोलावणं नव्हतं. (घरच्यांच्या लेखी ती अजून त्यांचा थोरला मुलगा होती, आणि थोरला मुलगा झगा घालून आला तर पाहुण्यांना काय सांगायचं?) त्याच आठवड्यात गल्लीच्या तोंडाशी तिघांनी तिला मारलं. दात एकच पडला, पण झोप पार उडाली आणि हात असा कापू लागला की सुईत दोरा जाईना. शिंपिणीचा हात गेला म्हणजे पोटच गेलं. म्हणून ती मदत केंद्रात आली.

केंद्र खास तिच्यासारख्यांसाठीच होतं. भिंतीवर तसं लिहिलेलंही होतं. आत दोन बाकं, एक पुरुषांचं, एक बायकांचं. बाकांवर रंगाने नंबर काढलेले. ज्या नंबरावर बसाल तो तुमचा. समुपदेशकबाई आतून पुकारणार. (कागदाची बचत: वर्षाला अडीच वह्या.)

ती बायकांच्या बाकावर चार नंबरावर बसली. मोठे साहेब धावत आले.

"अहो ताई, उठा उठा! तुमचा अपमान होतोय!"

"मला तर काही जाणवलं नाही."

"तुम्हाला जाणवत नाही, म्हणून तर आम्ही आहोत. तुम्हाला स्वतंत्र, सन्मानाचं बाक मिळणार. तोवर उभ्या राहा."

"आणि माझा नंबर?"

"नंबर बाकावर असतो, ताई. हवेत कसा काढणार?"

लगेच बाक समिती नेमली गेली. सदस्य पाच, पाचही जन्मभर बसलेले, म्हणजे अनुभवी. पहिल्या बैठकीत रंग ठरला. दुसऱ्या बैठकीत एकाने मुद्दा काढला की तिसऱ्या बाकाला पायही तीनच हवेत. तसं बाक करून पाहिलं. समिती पडली. सदस्यांच्या मनाला धक्का बसल्यामुळे समुपदेशकबाईंनी त्यांना तातडीने आत घेतलं. (हल्ल्याच्या तक्रारी: शून्य. तक्रारवही नव्या बाकाच्या पायाला साखळीने बांधायची असं ठरलं आहे.)

सात मंगळवार शिंपीणताई उभी राहिली. आठव्या मंगळवारी दाराशी बसणारे शिपाईमामा आपल्या स्टुलावरून उठले.

"बस गं पोरी. बसून बसून माझे पाय विसरलेत कशासाठी आहेत ते."

"मामा, साहेब ओरडतील."

"ओरडू दे की. त्या बाजूचा कान बंद आहे माझा. तू इकडून बोल."

ती बोलली. ते तिघे, तो दात, तो कोट, सगळं. मामा मध्येच "मग?" म्हणत. त्यांचं एवढंच शिक्षण झालं होतं. असे बरेच मंगळवार गेले. एकदा मामांच्या सदऱ्याचं बटण लोंबताना दिसलं, तेव्हा तिने पिशवीतून सुई काढली. दोरा पहिल्याच फटक्यात आत गेला.

"मग?" मामा म्हणाले.

"मग काय, हलू नका. टोचेल."

साहेबांनी हे पाहिलं आणि अहवालात नोंदवलं: बरे झालेले लाभार्थी, एक. कारण, नियोजित बाक.

पुढे बाक आलं. चार पायांचं, देखणं. त्यावर 'रंग ओला आहे' अशी पाटी आहे, तिला आता नऊ वर्षं झाली.

शिपाईमामा गेल्या वर्षी मार्चच्या नऊ तारखेला वारले. त्यांचं स्टूल रिकामं आहे. जागा भरायची जाहिरात बाहेर दारावरच लावली आहे, रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. पात्रता: चालणारा एक कान. आलेले अर्ज: शून्य. तुम्हाला तर दोन्ही कानांनी ऐकू येतं म्हणे.