तोंडावर लोबान

लोबानातलं मला कुणी शिकवू नये! तोबा सरोवरावरच्या आमच्या डोंगरात बावीस वर्षं मी लोबान निवडतेय. त्यामुळे मेदानहून लेकीने, तियार्माने, ‘त्वचेला शांत करणारं’ लोबानाचं क्रीम पाठवलं, तेव्हा मला हसूच फुटलं. डबी केवढी, तर नखाएवढी! म्हटलं, घरात पोतं भरलंय, आपणच करू.

स्पिरिटमध्ये चिमूटभर विरघळवतात, असं लेक म्हणाली होती. मी मूठभर घातला आणि तोंडभर फासला. त्वचा जरा जास्त शांत होईल!

झाली! पाच मिनिटांत इतकी शांत झाली, की ओठसुद्धा हलेनात. घाबरून पाणी मारलं, तर तोंड पांढरंफेक! चुना लावलेली भिंत बरी.

आणि नेमके त्याच सकाळी आमचे हे लोबानाच्या झाडांवर निघालेले. बायको रुसलेली असताना पुरुष रानात गेला, तर झाड लोबानाच्या चिकाचा थेंब गाळत नाही, असं आमच्याकडे मानतात. आमचं वर्ष त्या थेंबांवर! म्हणून बायकोने हसून निरोप द्यायचा.

मला पाहताच यांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

“तियार्माची आई, काय झालं?”

“म्म्म!”

“चिडलीस?”

“म्म्म!” म्हणजे नाही. यांना ते ‘हो’ ऐकू आलं.

“ते डुकराचं पिल्लू हरवलं नव्हतं गं... पत्त्यांत हरलो. पण तुला कळलं कसं?”

मी डोळे वटारले. चेहऱ्यात तेवढंच हलत होतं!

“बरं, बरं! तुझ्या भावाची गिटार मीच फोडली! किती वाजवायचा!”

यांच्याबरोबर रानात निघालेली मंडळी रस्त्यावरून ओरडली, “अरे, येतोस का?”

“कसा येऊ? हसतच नाही!”

“मग सगळं कबूल करून टाक!”

इतक्यात वन्सं लुमोंगा खोबरेल घेऊन धावत आल्या. “वहिनी, तोंड इकडे करा!” त्या माझे गाल रगडताहेत आणि समोर हे हात जोडून उभे.

“आता शेवटचं. तू तांदळाचे लाडू देतेस ना, अर्धे झाडापाशी ठेवायला, अर्धे मला? मी माझेही झाडालाच वाहतो. फुटत नाहीत गं दातांनी!”

बावीस वर्षं! मी किंचाळायला तोंड उघडलं. एका गालावरचा लोबान कडकन तडकला, दुसऱ्यावरचा चिकटूनच राहिला आणि ओठ जो ओढला गेला, तो थेट कानापर्यंत!

“हसली! हसली!” पिशवी उचलून हे पळालेसुद्धा.

त्या वर्षी झाडं नुसती वाहिली. गाव म्हणतं, हा माझ्या हसण्याचा गुण. पण बावीस वर्षं माझे लाडू एकट्याने खाल्ल्यावर ते बिचारं झाड रडेल नाहीतर काय करेल?