फार काही वाईट नाही

म्हातारपणाची सोय आपण करून ठेवली आहे, असं व्हर्लिन स्कोगस्टाड अमेरिकेत, मिनेसोटातल्या आपल्या तळ्याकाठच्या गावात तीस वर्षं छातीठोकपणे सांगत आला होता. विमा भित्र्यांनी काढावा, शहाण्याने पैसे साठवावेत, हा त्याचा बाणा. साठवलेही त्याने. फक्त त्या पैशांची आधी होडी झाली, आणि मग गोठलेल्या तळ्यावर बसून मासे धरायची खोपटी. यंदा फेब्रुवारीत त्या खोपटीच्याच दारात घसरून त्याने खुबा मोडून घेतला.

तेव्हा कुठे बायकोने, आर्डिसने, कपाटातून एक पाकीट काढलं. रजया शिवून मिळालेल्या पैशांतून ती बावीस वर्षं त्याच्या शुश्रूषेच्या विम्याचे हप्ते गुपचूप भरत होती. सही त्याने मासेमारीचा परवाना समजून ठोकली होती! घरी मदतनीस ठेवायचा खर्च आता कंपनी देणार होती. अट एकच. आंघोळ, कपडे, उठबस अशा सहा कामांपैकी दोन त्याला एकट्याला जमत नाहीत, हे कंपनीच्या नर्सला पटायला हवं. नाहीतर त्याला उचलायचं आर्डिसने, आणि तिची कंबर आधीच कामातून गेलेली.

"खरं सांग हं," तिने बजावलं. "आयुष्यात एकदा तरी तक्रार कर."

व्हर्लिनने मान डोलावली. पण त्या गावात परक्यापुढे रडगाणं गाणं म्हणजे कमरेचं सोडून डोक्याला गुंडाळणं. शिवाय घरी पाहुणी येणार, म्हणून तो पहाटेपासून खटपट करून स्वतःच्या हाताने कपडे घालून बसला. स्वेटर आर्डिसचा होता, फुलाफुलांचा, पुढचा मागे.

नर्स जनेलने आंघोळीचं विचारलं.

"फार काही वाईट नाही."

"आणि कपडे?"

"फार काही वाईट नाही," फुलं सावरत तो म्हणाला.

आर्डिसने डोळे वटारले. उठबस दाखवायला तो मागे कलणाऱ्या आरामखुर्चीतून उठू गेला, हात भलत्याच दांड्यावर पडला, खुर्चीची पाठ मागे गेली आणि त्याचे पाय छताकडे.

"मी मुद्दामच असा बसतो," त्याने तिथूनच सांगितलं. वर जनेलला कॉफी आणून देऊ का, असंही विचारलं.

बावीस वर्षांचे हप्ते पाण्यात गेले, अशा चेहऱ्याने आर्डिस बसून राहिली. जनेल खाली मान घालून लिहीत होती.

"काकू, काळजी करू नका," निघताना ती म्हणाली. "मी पलीकडच्याच तळ्यावरची. ट्रॅक्टरखाली पाय सापडला तेव्हा माझे वडीलही 'फार काही वाईट नाही' असंच म्हणाले होते. सहापैकी चार कामं त्यांना जमत नाहीत, असं लिहिलंय मी."

महिन्याभरात मदतनीस बाई येऊ लागली आणि आर्डिस कित्येक दिवसांनी दुपारी आडवी झाली. तिला तशी निवांत पाहून व्हर्लिनचा ऊर भरून आला. एवढ्या वर्षांच्या संसारात जे बोललो नाही ते आज बोलायचंच, असं ठरवून त्याने तीनदा घसा खाकरला.

"आर्डिस, तू तशी... फार काही वाईट नाहीस."

आर्डिसने चष्मा काढून पुसला, परत लावला, परत पुसला. मग न राहवून तिने बहिणीला फोन करून ते शब्द जसेच्या तसे सांगितले.



"एवढं बोलला तो?" बहीण म्हणाली. "अगं, डॉक्टरला बोलाव आधी."