दुसऱ्याच्या कांडपिणी

कल्याणच्या पेठेत तांदळाचे व्यापारी दोनच, सहदेवशेट आणि समोरचा धाकूशेट. दोघांकडे वीस-वीस कांडपिणी मुसळाने भात कांडायच्या आणि शनिवारी मजुरी हातात पडली की तिथल्या तिथे तांदूळ घेऊन घरी जायच्या. पैसा दारातून जायचा आणि त्याच दारातून परत यायचा. सहदेवशेटला मात्र वाटायचं, तो नुसता जातोच आहे.

त्या सुगीला त्याने बायकोच्या पाटल्या मोडून मुंबईहून भात कांडायचं वाफेचं यंत्र आणलं आणि त्यांची म्होरकी मालन हिच्यासकट सगळ्या कांडपिणींना घरी बसवलं.

"मग तांदूळ घेणार कोण?" कलावतीने नवऱ्याला विचारलं.

"धाकूच्या कांडपिणी आहेत की. माझा माल आता स्वस्त पडेल. उड्या पडतील बघ."

हिशेब चोख होता. खोट एवढीच, की तोच हिशेब धाकूशेटनेही केला होता. पंधरा दिवसांत समोरही धुराडं उभं राहिलं आणि त्याच्याही कांडपिणी घरी बसल्या.

दोन्ही वखारी आढ्यापर्यंत भरल्या आणि पेठेत कुत्रं फिरकेना. सहदेवशेटने भाव पाडला, धाकूशेटने त्याहून पाडला. ती तूट भरायला दोघांनी हमालांच्या मजुरीला कात्री लावली, तेव्हा हमालही तांदूळ सोडून नाचणीवर आले. उन्हाळ्यात पोत्यांत पोरकिडे दिसू लागले. माल किडला तर दुकानही जाणार होतं, पाटल्या तर गेल्याच होत्या. सहदेवशेट मुकाट्याने रस्ता ओलांडून गेला.

"धाकू, तुझ्या बायका कामावर घे रे. त्यांच्या हाती चार पैसे येऊ देत."

"मी तुला तेच सांगायला निघालो होतो," धाकूशेट म्हणाला. "आधी तू तुझ्या घे."

दोघेही अडून बसले. पोरकिडे काही अडून बसले नाहीत.

अखेर सहदेवशेटनेच हार मानली. मालन एकोणीस जणींना घेऊन आली, आठवडाभर सुपं चालली, तांदूळ पांढराशुभ्र झाला. शनिवारी त्याने रोख मजुरी वाटली आणि तागडी पुढे ओढून बसला.

बायकांनी पैसे पदराला बांधले आणि समोर धाकूशेटच्या दुकानाकडे चालू लागल्या.

"अगं मालन, तिकडे कुठे? तांदूळ इथं आहे."

"नको शेट. त्यात किडे व्हते. आमीच वेचलेत ना."

"आणि धाकूच्या तांदळात नाहीत?"

"आसतील की," मालन म्हणाली. "पर ते आमी बघितले न्हाईत."